माझा आकडा मला दाखवा

हार्ट अटॅक आला तेव्हा मी रक्त काढत होते. दुसऱ्याचं.

नारायण पेठेतल्या एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं नोकरी करते. हडपसरहून सकाळची पहिली बस धरायची, साडेसातच्या आत पोचायचं, आणि उपाशीपोटी आलेल्या चिडक्या माणसांची रांग संपवायची. उपाशी पुणेकर काय चीज असते ते ज्याने ती रांग हाताळली आहे त्यालाच ठाऊक. त्या दिवशी अकरावा नंबर एका निवृत्त गृहस्थांचा होता. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई आत घातली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा हात थरथरतोय. सुई माझ्या हातात आहे म्हणून बोलतो, एरवी बोललो नसतो."

हात आदल्या संध्याकाळपासूनच धड नव्हता. जबडा दुखत होता, पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये कळ होती, मळमळत होतं. छातीत मात्र काही नाही. मी ओवा चावला, पित्त म्हटलं आणि झोपले. लोकांना रोज रिपोर्ट देणाऱ्या बाईला स्वतःच्या बाबतीत पित्तच सुचलं. जबडा आणि पाठ, तेही बाईमाणसाची, म्हणजे काय असू शकतं हे मी किती जणींना काउंटरवरून सांगितलं असेल.

त्या गृहस्थांची नळी भरली, कापूस लावला, आणि मी खुर्चीतच बसून राहिले. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या मालकीण, स्वतः पॅथॉलॉजिस्ट, तेवढ्यात आल्या. पर्स टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "शैलाबाई, तोंड बघितलंत का आरशात? आडव्या व्हा आधी." माझी सहकारी वंदना हिने माझं रक्त घेतलं. हृदयाचा स्नायू मरायला लागला की रक्तात ट्रोपोनिन नावाचा पदार्थ उतरतो. तो आहे का ते दाखवणारी पट्टी आमच्याकडे असते. पट्टीला पंधरा मिनिटं लागतात. मी म्हणाले, "पंधरा मिनिटं थांबू या, मग बघू." मॅडम म्हणाल्या, "रिपोर्ट तयार होईल, पण घ्यायला तुम्ही हव्यात ना?" आणि स्वतःच्या गाडीत घालून मला हॉस्पिटलात नेलं. वाटेत वंदनाचा फोन आला. पट्टीवर दुसरी रेघ उमटली होती, चांगली गडद.

सुया

अँजिओप्लास्टी झाली. एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. आदल्या संध्याकाळीच आले असते तर बराच स्नायू वाचला असता, असं त्या तरुण हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. ते वाक्य माझ्या अंगावर टाकून गेले, असंच मला वाटलं. ओव्याची चव तोंडात पुन्हा आली.

आयसीयूबद्दल फार लिहीत नाही. तिथे दिवस असा नसतोच. दर तासाला दंडावरचा पट्टा फुगतो, कोणीतरी येऊन लघवी मोजतं, शेजारचा पडदा ओढला जातो. मला छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. पहाटे रक्त घ्यायला येणारी मुलगी रोज उजव्या हाताला भिडायची आणि रोज तीनदा टोचायची. पहिल्या दिवशी मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाळ, डावा हात घे. कोपराच्या जरा आतल्या बाजूला शीर आहे, सरळ आहे." ती म्हणाली, "आजी, आम्हाला ट्रेनिंग असतं." मी चौपन्न वर्षांची आहे. आजी म्हटल्याचा राग की शीर हुकल्याचा, हे अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र चांगली घडली. तिथल्या आयाबाई रोज दुपारी माझी वेणी घालायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. "केस गुतलं की डोस्कं दुखतं," एवढंच म्हणायच्या. त्या पाच दिवसांत माझ्या अंगाला काही मोजायचं नसताना लागलेला तो एकमेव हात होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर फाइल घेऊन आले. पान उलटलं, थांबले, आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "आपण जरा बाहेर येता का?"

हे बाहेर गेले. आत येताना चेहरा असा केला होता, की गणपतीची वर्गणी न देता सुटलेला माणूसच.

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. सगळं झकास हाय म्हनलं."

आमचे हे मूळचे मांजरीचे. शेतकऱ्याच्या घरातले, पुढे हडपसरच्या कारखान्यात तीस वर्षं मशिनवर होते. त्यांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना ते नेहमी झकास हा शब्द वापरतात.

उलटी अक्षरं

काउंटरवर आम्ही रिपोर्ट गिऱ्हाईकाकडे तोंड करून ठेवतो आणि पलीकडून बोटाने दाखवतो. सव्वीस वर्षं तेच केल्यामुळे मला छापील कागद उलट्या बाजूने सरळच्या वेगाने वाचता येतो. हे डॉक्टरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताखालचे डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून फाइलवर लिहीत होते, आणि मी माझा रिपोर्ट वाचून काढला.

किडनीचा आकडा थोडा वाढलेला. सूज दाखवणारा आकडा बराच वाढलेला. आणि खाली एनटी-प्रोबीएनपी: चार हजार दोनशे.

शब्द बोजड आहे, अर्थ साधा आहे. हृदयावर ताण आला की ते हा पदार्थ रक्तात सोडतं. जितका ताण, तितका आकडा. अटॅकनंतर तो खूप चढलेला असेल तर पुढचं वर्ष जड जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टर तो बघतात. मला एवढं ठाऊक होतं. कारण असे आकडे दिसले की मॅडम रिपोर्ट पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकायच्या आणि मी ते पेशंटच्या हातात न देता मुलाच्या नाहीतर जावयाच्या हातात द्यायची. आमच्या धंद्यातली ती रीतच आहे. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पाकीट आता माझं होतं, आणि मला इतका संताप आला, की माझ्या उशाशी असलेलं ठोके मोजणारं यंत्र वाजायला लागलं. नर्स धावत आली, "काय होतंय?" म्हणाली. मी म्हणाले, "झकास."

सगळे गोड झाले

घरी आले आणि घर बदललेलं होतं.

हे माझ्याशी भांडेनात. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यात भाजीत मीठ कमी पडलं आणि हे बोलले नाहीत असा दिवस मला आठवत नाही. आता मीठ मुळातच बंद, आणि हे पाणीदार वरण "लई भारी झालंय" म्हणत खात होते. मांजरीहून थोरल्या जाऊबाई आल्या. शेतातली विहिरीजवळची वाट कोणाची, यावरून गेली नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. त्या माझ्या पलंगावर बसल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शैला, मागचं काय मनात ठिवू नको."

मी म्हणाले, "मी मरतेय का जाऊबाई?"

"आगं आगं, असं काय बोलतीस? काय न्हाई झालं तुला." आणि डोळ्याला पदर.

तुमच्या घरी कोणी असं आजारी असेल आणि आजार किती मोठा आहे हे त्याच्यापासून लपवायचं असेल, तर कृपा करून त्याच्याशी नेहमीसारखं भांडत राहा. माणसं एकदम चांगली वागायला लागली की रोग्याला वेगळा रिपोर्ट लागत नाही.

पण खरा घाव वेगळाच होता. माझी मुलगी ऋतुजा मांजरीच्याच साखर संस्थेत शिकली. उसाचा रस, साखरेचा उतारा, त्या तपासण्या. माझ्या रक्ताच्या नळ्या, तिच्या रसाच्या. तीन वर्षं इथल्या कारखान्यात नोकरी केल्यावर तिला युगांडातल्या एका साखर कारखान्याने लॅब केमिस्ट म्हणून घेतलं होतं, दोन वर्षांच्या करारावर. आपल्याकडचे पुष्कळ साखरवाले आफ्रिकेत जातात, पण पुरुष जातात. हिला तीनदा नाकारलं होतं, बाई आहे म्हणून. चौथ्यांदा तिने त्यांच्याकडून होकार काढला. मी अख्ख्या पेठेत पेढे वाटले होते. आता त्या विषयावर कोणी बोलेना. मी विचारलं तर म्हणायची, "आई, प्लीज तू रेस्ट घे ना. होतंय ते."

एका दुपारी तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा राहिला. वाचायचा नव्हता, पण वाचला. तिने कंपनीला कळवलं होतं: घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही.

ते घरगुती कारण म्हणजे मी. चार हजार दोनशे हा आकडा मला सोडून सगळ्यांना सांगितला गेला होता, आणि त्या आकड्यावरून माझ्या मुलीने आपली नोकरी सोडून दिली होती. मला विचारायचंही कोणाच्या मनात आलं नाही. मी ताट आपटलं, ओरडले. हे मध्ये पडले, "तुला तरास नको म्हनून…" मी म्हणाले, "त्रास तुम्हीच आहात." ऋतुजा रडली. म्हणाली, "तुला काही झालं आणि मी तिकडे असले तर? मी कशी जगणार आहे त्याच्यासोबत?"

मला वाटलं, आकडा खाली आला तर याचं उत्तर द्यायची वेळच येणार नाही.

कमल जाधव

वंदना हडपसरलाच राहते, गाडीतळाजवळ. मी तिला सांगितलं, सकाळी कामावर जाताना घरी ये, माझं रक्त घे आणि आपल्या मशीनवर हृदयाच्या ताणाची तपासणी लाव. हॉस्पिटलच्या तपासणीला आता महिना होत आला होता. हॉस्पिटलात परत केली असती, तर रिपोर्ट थेट ऋतुजाच्या मोबाइलवर गेला असता. नोंदलेला नंबर तिचाच होता. माझ्या रक्ताची बातमी मला सगळ्यांच्या शेवटी मिळण्याची सोय आमच्या घराने चोख केली होती.

"मॅडमना दिसेल की," वंदना म्हणाली.

"दुसऱ्या नावाने लाव."

तिने कमल जाधव असं नाव टाकलं, वय साठ. दुपारी बाराला फोन आला. "तीनशे ऐंशी."

चार हजार दोनशेवरून तीनशे ऐंशी. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. मग ऋतुजाला हाक मारली. आकडे सांगितले. त्या पोरीचा आयुष्यभर आकड्यांवर विश्वास. तिने कागद मागितला असता, पण समोर सव्वीस वर्षं तेच काम करणारी आई होती. "सिरियसली? दहा पटीने?" म्हणाली आणि तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहिलं. त्यांनी जागा भरली नव्हती. दोन महिन्यांनी रुजू हो म्हणाले.

आणि मी बरी झाले. म्हणजे तसं ठरवलं. अंगात पाणी साचू नये म्हणून दिलेली लघवीची गोळी मला अजिबात आवडत नव्हती. घेतली की सकाळभर मोरीच्या वाऱ्या. ती मी बंद केली. कोणाला विचारलं नाही, तीनशे ऐंशीला काय विचारायचं. लिंबाच्या लोणच्याची फोड जेवणात आली. जिना चढून गच्चीवर पापड वाळत घातले. ह्यांनी भाजी अळणी आहे म्हणून तोंड वाकडं केलं, तेव्हा तर मला फारच बरं वाटलं.

आठव्या दिवशी सकाळी चपला पायात जाईनात. नवव्या दिवशी दुपारी वामकुक्षीला आडवी झाले आणि श्वास आत जाईना. उठून बसलं की जरा बरं, आडवं झालं की बुडाल्यासारखं. हे घाबरून रिक्षा आणायला पळाले. रिक्षात मी ताठ बसून, दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून श्वास ओढत होते, आणि हे रिक्षावाल्याला म्हणत होते, "हळू घ्या, पन लवकर घ्या."

फुप्फुसांत पाणी साचलं होतं. इंजेक्शनं देऊन ते काढलं. दुसऱ्या दिवशी माणसात आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, गोळी का बंद केलीत? मी ताठ्यात सांगितलं, माझा आकडा तीनशे ऐंशीवर आलाय. त्यांनी फाइल पुन्हा चाळली, तो आकडा त्यांना कुठेच सापडला नाही.

संध्याकाळी मॅडम भेटायला आल्या. सफरचंदांची पिशवी ठेवली, खुर्ची ओढली.

"शैलाबाई, कमल जाधव कोण हो?"

मी पिशवीतली सफरचंदं मोजायला लागले.

"गेले दहा दिवस मी त्यांना शोधते आहे. वय साठ, आकडा तीनशे ऐंशी, डॉक्टरचं नाव नाही, फोन नाही. म्हटलं, बाईंच्या हृदयाचे हाल आहेत आणि त्यांना कोणी सांगितलेलं नाही. शेवटी काल वंदना रडत आली."

"पण मॅडम, तीनशे ऐंशी म्हणजे तर…"

"आपलं मशीन बीएनपी मोजतं. हॉस्पिटलने तुमचं एनटी-प्रोबीएनपी मोजलं होतं. दोन वेगळ्या तपासण्या, वेगळी मापं. आपल्या मापात तीनशे ऐंशी हा वाईटच आकडा आहे. दोन वेगळे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करू नका, असा बोर्ड आपल्या काउंटरमागे आहे. तुमच्याच अक्षरात आहे."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. वंदनाला तरी काय बोलणार? हॉस्पिटलने कोणती तपासणी केली होती, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तेवढ्याला तिने उत्तर दिलं. मला हवा होता तो आकडा मिळाला आणि मी बाकीचं शिकलेलं सगळं बाजूला ठेवलं. अडाणी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्याला आकडा वाचताच आला नसता. तो गुपचूप गोळी खात राहिला असता.

मॅडम जाताना म्हणाल्या, "कामावर तुमची जागा आहे. पण रिपोर्ट द्यायच्या खिडकीत काही दिवस नको." मग माझ्या पायावर हात ठेवला, थोडा वेळ. मॅडमनी मला याआधी कधी हात लावला नव्हता.

बाहेर कोणी जायचं नाही

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर आले आणि सवयीने ह्यांच्याकडे वळले. मी म्हणाले, "थांबा. कोणी बाहेर जायचं नाही. हृदय माझं आहे, मला सांगा. यांना हवं तर बाहेर पाठवा."

हे खरंच उठायला लागले. मी म्हणाले, "बसा हो."

डॉक्टर पस्तिशीचे असतील. खुर्चीवर बसले. त्यांना मी पहिल्यांदाच बसलेलं बघत होते. म्हणाले, "मावशी, आकडा गर्दीबद्दल सांगतो. तुमच्याएवढा आकडा असलेली पुष्कळ माणसं घेतली, तर त्यांच्यातली वर्षभरात जाणारी माणसं कमी आकडा असलेल्यांपेक्षा जास्त असतात. त्यात तुम्ही कुठे आहात ते रक्त सांगत नाही. मलाही माहीत नाही."

"म्हणजे मी जाऊ शकते."

"हो."

"आणि राहूही शकते."

"हो. गोळ्या घेतल्यात तर जास्त शक्यता तीच आहे. दीड महिन्याने इथेच, हीच तपासणी परत करू. आकडा निम्म्याच्या खाली आला तर मला आनंद होईल. नाही आला तर औषधं वाढवू. ही तपासणी भविष्य सांगायला नसते हो, औषधं कशी द्यायची ते ठरवायला असते."

दीड मिनिटाचं बोलणं. एवढ्यासाठी सहा आठवडे सगळं घर माझ्याभोवती चवड्यांवर चालत होतं. मला राग आलाच, पण हलकंही वाटलं. रिक्षात बसताना मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला हेच सांगितलं होतं ना त्या दिवशी?" हे म्हणाले, "व्हय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मला एकट्याला लई जड झालं बग ते." ह्यांचं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी गेल्यावर पहिलं काम हे केलं, की हॉस्पिटलात फोन करून नोंदलेला मोबाइल नंबर बदलून घेतला. माझा दिला. त्यासाठी तीन वेळा फोन करावा लागला. एकीने विचारलं, "पेशंटचा नंबर कशाला हवाय?"

माझ्या मोबाइलवर

माझ्या त्या चुकीवर विसंबून ऋतुजाने कंपनीला दिलेली तारीख जवळ येत होती. मी पुन्हा हॉस्पिटलात गेल्यावर ती कळवणारच होती, येत नाही म्हणून. मी तिला थांबवलं. म्हटलं, तपासणी होऊ दे. यावेळी कागद तुझ्या हातात देईन.

दीड महिना मी शहाण्यासारखी वागले. गोळ्या, बिनमिठाचं वरण, रोज सकाळी वजन, पायाला बोट लावून सूज बघणं. लोणच्याची बरणी जाऊबाई घेऊन गेल्या, वाटेवरचं भांडणही पुन्हा थोडं सुरू झालं, ते बरंच वाटलं. ऋतुजाच्या विमानाला आठ दिवस असताना रक्त दिलं. डावा हात, कोपराच्या आतली शीर, एका टोचण्यात. दुपारी चारला मोबाइल वाजला.

दोन हजार नऊशे.

उतरला होता. निम्म्यावर आला नव्हता.

घरात आम्ही दोघंच होतो. ऋतुजा सामान आणायला बाहेर गेली होती. ह्यांनी चष्मा लावून आकडा बघितला, परत बघितला. म्हणाले, "तिला म्हन, झाला कमी. खोटं थोडंच हाय? कमी झालाच की. पोरगी सुखानं जाईल."

आणि मला ते पटलं. हे लिहायला लाज वाटते, पण पटलं. तीन महिने मी ज्या गोष्टीवरून घर डोक्यावर घेतलं होतं, तीच करायला मला अर्धा मिनिट लागला. मोबाइल पालथा ठेवून मी चहा टाकायला उठले. पाकीट चिकटवणाऱ्या माणसाला किती सोपं वाटतं आणि तो किती प्रेमाने चिकटवतो, ते मला त्या दुपारी समजलं.

ऋतुजा आली, पिशव्या ठेवल्या, माझ्याकडे बघितलं. "आला रिपोर्ट?"

चहा उकळत होता. मी गॅस बंद केला आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने वाचलं. मोबाइल ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "आई, मग मी काय करू?"

मी म्हणाले, "ते तू ठरव. मी फक्त माहीत आहे ते सांगते. आकडा उतरलाय, हवा तेवढा नाही. डॉक्टर औषध वाढवतील. दोन वर्षं मी असेन असं ते म्हणत नाहीत, नसेन असंही म्हणत नाहीत. तिथून निघालीस तरी घरी पोचायला दोन दिवस लागतील. मी गेले तर मांजरीची मंडळी तुझ्यासाठी दोन दिवस थांबणार नाहीत, तुझे बाबाही त्यांना थांबवू शकणार नाहीत. तुझ्यावाचून सगळं होईल. हे धरून ठरव. नंतर असं म्हणू नकोस, की कोणी सांगितलं नव्हतं."

हे मान खाली घालून बसले होते. ऋतुजाने दोन दिवस आणलेल्या पिशव्या उघडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या गोळ्यांचा डबा भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी जाते."

मी म्हणाले, "जा."

ती जाऊन आता चार महिने झाले. रोज संध्याकाळी फोन करते, रसाचे आकडे सांगते, माझं वजन विचारते. मी पुन्हा कामावर जाते, अर्धा दिवस. मॅडमनी अजून खिडकीत बसवलेलं नाही. औषध वाढवलंय. पुढची तपासणी व्हायची आहे.

माझ्यासारख्या आणखी कोणाला उपयोग होईल म्हणून हे लिहायला घेतलं, तेव्हा ठरवलं होतं की काही लपवायचं नाही. म्हणून हेही सांगते. स्वयंपाकघरात उभी राहून तिला सगळं खरं खरं सांगत होते, तेव्हा एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. मला मनातून वाटत होतं, हे सगळं ऐकल्यावर ती थांबेल.